अर्धांगानंतरचे मन : प्रस्तावना

अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला मनुष्य इस्पितळातून घरी परततो, तेव्हा त्याच्याबरोबर येणाऱ्या कागदांत रक्तदाबाचे आकडे, मेंदूच्या छायाचित्राचा अहवाल, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांचा तपशील, हातापायांच्या व्यायामाच्या सूचना आणि पुढील तपासणीची तारीख हे सर्व यथासांग नोंदलेले असते. परंतु ज्या मनाने हे पथ्यपाणी पाळावयाचे, व्यायामासाठी सकाळी उठावयाचे आणि न वळणाऱ्या जिभेने पुन्हा बोलू पाहावयाचे, त्या मनाविषयी त्या दप्तरात बहुधा एक अक्षरही नसते. त्या मनाची कैफियत नोंदवून घेण्यासाठी हा संग्रह सिद्ध झाला आहे. त्याच्या प्रारंभी विषयाची साधारण ओळख करून देण्याचे काम संपादकांनी माझ्याकडे सोपविले, ते मी मोठ्या आस्थेने स्वीकारले आहे.

निरनिराळ्या देशांत झालेल्या पाहण्या एकत्र करून पाहिल्या असता असे दिसते की, झटक्यातून वाचलेल्या माणसांची केव्हाही तपासणी केली तरी त्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश माणसे नैराश्याने ग्रासलेली आढळतात. हा आकडा लहान नाही. तरीही बहुसंख्य रोग्यांच्या बाबतीत या विकाराचे निदान होत नाही, आणि माझ्या मते त्याचे मुख्य कारण आपली सहानुभूती हेच आहे. घरची माणसे म्हणतात, ‘एवढं झाल्यावर कुणाचंही मन खचणारच’. भेटीला आलेले म्हणतात, ‘धीर धरा, मन घट्ट करा’. आणि दहा मिनिटांत पंधरा रोगी तपासण्याची पाळी ज्यांच्यावर येते ते चिकित्सकही रोग्याचा उतरलेला चेहरा पाहून, या परिस्थितीत दुसरे काय अपेक्षावे, असे मनाशी म्हणत पुढील कागद हाती घेतात. दुःखाचे कारण समजले की त्या दुःखावर उपचार करण्याची आवश्यकता संपली, असा एक अव्यक्त तर्क या सर्वांच्या बोलण्यात असतो, आणि तो सर्वथैव चुकीचा आहे. जिन्यावरून पडल्यामुळे हाड मोडले हे ठाऊक असले म्हणून ते बसविण्याचे कोणी टाळीत नाही. या प्रस्तावनेत पुढे जे काही सांगावयाचे आहे ते सर्व या एका मुद्द्याभोवती आहे.

या विषयात प्रथमच प्रवेश करणाऱ्या वाचकासाठी काही गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत. मेंदूला रक्त पुरविणारी वाहिनी गुठळीने बंद पडली किंवा फुटली म्हणजे त्या भागातील पेशी मरतात, आणि मग शरीराची एक बाजू लुळी पडणे, वाचा जाणे, दृष्टीचा काही भाग लोपणे असे परिणाम उद्भवतात. खेड्यापाड्यांतून याला ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतात. परंतु मेंदू केवळ हातापायांचा नियंता नाही. उत्साह, इच्छा, भीती, रडू आणि झोप यांचा कारभारही तोच पाहतो, त्यामुळे झटक्यानंतर मनात होणारे फेरफार काही अंशी गमावलेल्या सामर्थ्याबद्दलचा शोक असतात आणि काही अंशी त्या इजेचेच प्रत्यक्ष परिणाम असतात. शोक आणि विकार यांमधील सीमारेषा आखणे कठीण असले तरी अशक्य नाही. शोकात बुडालेला मनुष्यही नातवाला पाहून क्षणभर खुलतो, आवडीचा पदार्थ चवीने खातो, उद्याविषयी काही बोलतो; ज्याचे नैराश्य विकाराच्या पायरीवर पोहोचले आहे त्याला आठवड्यामागून आठवडे कशातच रस वाटत नाही, आपण घरावर भार झालो आहो हा एकच विचार त्याच्या मनात घोळत राहतो, आणि पहाटे फार लवकर जाग येऊन सगळा दिवस समोर उभा राहिला की त्याला तो नकोसा होतो.

नैराश्याच्या शेजारी आणखी काही अवस्था वावरतात, आणि त्यांची गल्लत झाल्याने घरोघरी पुष्कळ अनर्थ होतात. औदासीन्य ही अशीच एक अवस्था. तीत रोगी दुःखी नसतो, पण त्याची प्रेरणाच मंदावलेली असते; घरच्यांना हा आळस वाटतो आणि ते रागावतात. भावनांवरील ताबा सुटणे ही दुसरी अवस्था. कोणी ‘कसे आहात?’ एवढे विचारले तरी रोग्याला हुंदका फुटतो, क्वचित अस्थानी हसूही येते, आणि थोड्याच वेळात ते जसे आले तसे ओसरते. चार्ल्स डार्विनने भावनांच्या अभिव्यक्तीवरील आपल्या १८७२ सालच्या ग्रंथात अर्धांगाच्या रोग्यांमधील रडण्याच्या या प्रवृत्तीचा उल्लेख केला आहे, म्हणजे ही गोष्ट काही नव्याने ध्यानात आलेली नव्हे. असे रडणे नेहमीच दुःखाचे निदर्शक असते असे नाही. परंतु ते पाहून घरची माणसे पाहुण्यांना येऊ देत नाहीत, रोग्याशी महत्त्वाचे काही बोलत नाहीत, आणि अशा रीतीने जो दुःखी नव्हता तो एकटा पडून खरोखरच दुःखी होतो. याखेरीज पुन्हा झटका येईल ही रात्रंदिवसाची धास्ती आहे, आणि विश्रांतीने न जाणारा एक विलक्षण थकवाही आहे, ज्याविषयी रोगी सर्वांत अधिक तक्रार करतात आणि ज्यावर सर्वांत कमी विश्वास ठेवला जातो.

या ज्ञानाचा इतिहास सलग नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वातजन्य ऐंशी विकारांची जी गणना आहे, तीत पक्षवध (म्हणजे अर्धांग) आणि विषाद हे दोन्ही आलेले आहेत, आणि चिकित्सास्थानात वात प्रकुपित होण्याच्या कारणांत चिंता व शोक यांचा अंतर्भाव केलेला आहे. प्राचीनांना आजचा विकार जसाच्या तसा ठाऊक होता, असा दावा यावरून करणे अनुचित ठरेल; मात्र शरीराचा पक्षवध आणि मनाचा विषाद यांना एका यादीत बसविण्यास त्यांना संकोच वाटला नाही, एवढे निश्चित. अर्वाचीन युरोपीय वैद्यकात एमिल क्रेपेलिन आणि ऑयगेन ब्लॉयलर या मानसरोगतज्ज्ञांनी मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या विकारानंतर येणाऱ्या खिन्नतेची नोंद केली. १९१४ मध्ये जोझेफ बाबिन्स्की याने आपली डावी बाजू लुळी पडली आहे याची जाणीवच नसलेल्या रोग्यांचे वर्णन केले. पहिल्या महायुद्धात मेंदूला जखमा झालेल्या सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या कुर्ट गोल्डश्टाइनने याच्या उलट चित्र पाहिले: पूर्वी सहज जमणारे एखादे काम आता जमत नाही असे ध्यानात येताच रोगी आकस्मिकपणे कोसळतो, रडतो, संतापतो, प्रयत्न सोडून देतो. पुढे १९७२ मध्ये ग्विदो गाइनोत्ती या इटालियन संशोधकाने असे दाखविले की, हे कोसळणे मेंदूच्या डाव्या अर्धाच्या इजेत, विशेषतः वाचा गेलेल्यांत, अधिक दिसते, तर बेफिकिरी उजव्या अर्धाच्या इजेत अधिक दिसते.

परंतु खऱ्या वादाला तोंड फुटले ते १९७७ साली. मार्शल फोल्स्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा पण मर्मभेदी प्रश्न विचारला: ही खिन्नता जर केवळ अपंगत्वाबद्दलची असेल, तर हाडांच्या विकारांनी तितकेच अपंग झालेले लोकही तितकेच खिन्न असावयास हवेत, ते तसे आहेत काय? त्यांनी झटक्याचे २० रोगी आणि अस्थिविकाराचे १० रोगी यांची तुलना केली, आणि पहिल्या गटात ४५ टक्के तर दुसऱ्या गटात १० टक्के लोकांत मनोविकार आढळला. संख्या फारच लहान होती, आणि इतक्या लहान संख्येवर मोठी इमारत उभारू नये हे खरे. तथापि ‘हे होणारच’ या उत्तराला मिळालेला हा पहिला सप्रमाण छेद होता, म्हणून या क्षेत्राच्या इतिहासात त्याचे स्थान मला फार मोलाचे वाटते.

त्यानंतरची दोन दशके रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या नावाने ओळखली जावीत. उंदरांच्या मेंदूत कृत्रिम रीतीने इजा केली असता तिचे परिणाम ती डाव्या बाजूस आहे की उजव्या यावर अवलंबून असतात, हे त्यांनी प्रयोगशाळेत पाहिले होते. तोच धागा माणसापर्यंत नेऊन त्यांनी असा सिद्धान्त मांडला की, इजा डाव्या अर्धाच्या पुढील टोकाला जितकी जवळ तितके नैराश्य तीव्र. हा सिद्धान्त आकर्षक होता, कारण त्याने मनाच्या दुःखाला मेंदूच्या नकाशावर ठिकाण दिले. २००० साली ॲलन कार्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरच्या अभ्यासांचे पद्धतशीर संकलन ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले, तेव्हा इजेच्या जागेचा आणि नैराश्याचा असा संबंध त्यातून सिद्ध झाला नाही. मधल्या काळात, १९९७ मध्ये, जॉर्ज ॲलेक्सोपूलोस प्रभृतींनी, उतारवयातील नैराश्याच्या मुळाशी पुष्कळदा मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांची हळूहळू होणारी झीज असते, असे प्रतिपादन केले. त्यामुळे ज्याला कधी झटका आलाच नाही अशा वृद्धाचे नैराश्य आणि झटक्यानंतरचे नैराश्य यांच्यामधील भिंत पातळ झाली. दुसऱ्या बाजूने समाजाकडे पाहणाऱ्या अभ्यासकांनी दाखवून दिले की, पूर्वी नैराश्य येऊन गेलेले असणे, अपंगत्वाची तीव्रता, वाचा जाणे आणि आधार देणाऱ्या माणसांचा अभाव या गोष्टींवरून पुढील नैराश्याचा अदमास बांधता येतो.

हे पक्ष दीर्घकाळ एकमेकांविरुद्ध फिर्यादी लढवीत राहिले. वाद ज्ञानाच्या दृष्टीने उपयुक्त ठरला, हे मी मान्य करतो. परंतु नैराश्य रसायनातून आले की शोकातून, याचा निकाल लागेपर्यंत रोग्याची सुनावणी तहकूब ठेवण्याचे कारण नाही. दोन्ही कारणे एकाच देहात एकत्र नांदू शकतात, आणि उपचारही दोन्ही अंगांनी करता येतो.

उपचाराचा इतिहासही असाच चढउतारांचा आहे. १९८४ मध्ये नॉरट्रिप्टिलीन या औषधाच्या नियंत्रित चाचणीत नैराश्य कमी होते असे दिसून आले, पण त्याचे दुष्परिणाम वृद्धांना झेपण्याजोगे नव्हते. पुढे सिटालोप्राम, फ्लुऑक्सेटीन यांसारखी अधिक सौम्य औषधे आली. २०११ साली फ्रान्समधील ११८ रोग्यांवरील एका चाचणीत फ्लुऑक्सेटीनमुळे लुळ्या अंगातील हालचालही सुधारते असे दिसले, आणि आशेची मोठी लाट उसळली. मग ब्रिटनमध्ये ३,१२७ रोग्यांवर सहा महिने चाललेली चाचणी झाली, तसेच स्वीडनमध्ये एक आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व व्हिएतनाम यांत मिळून एक अशा आणखी दोन मोठ्या चाचण्या झाल्या. त्यांतून निष्पन्न झाले ते असे की, सरसकट सर्वांना हे औषध दिल्याने चालण्याफिरण्याच्या सामर्थ्यात सुधारणा होत नाही, आणि हाडे मोडण्याचे प्रमाण मात्र वाढते. ब्रिटन व स्वीडन येथील चाचण्यांत नव्याने नैराश्य येण्याचे प्रमाण कमी आढळले, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. याचा सरळ अर्थ, औषध सर्वांना वाटावयाचे नाही आणि ज्याला विकार आहे त्याला नाकारावयाचेही नाही. म्हणजे निदानाशिवाय गत्यंतर नाही. समस्या सोडविण्याच्या पद्धतशीर शिक्षणाने आणि आनंद देणारी छोटी कामे दिनक्रमात पुन्हा रुजू करण्याच्या उपायानेही काही रोग्यांना लाभ होतो. उपेक्षेची किंमत मात्र जबर आहे: १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झटक्यानंतर नैराश्य आलेले रोगी पुढील दहा वर्षांत मरण पावण्याचा संभव इतरांच्या सुमारे साडेतीन पट आढळला होता.

निदानाशिवाय गत्यंतर नाही असे म्हटले खरे, पण निदान होणार कसे? झोप, भूक, थकवा, मंदपणा ही नैराश्याची लक्षणे खुद्द झटक्यामुळेही उत्पन्न होतात. मेंदूच्या उजव्या अर्धाला इजा झालेल्या काही रोग्यांच्या आवाजातील चढउतारच नाहीसे होतात, त्यामुळे तो मनुष्य आतून कोसळत असताना सपाट स्वरात ‘ठीक आहे’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याची खात्री पटते. मग ज्याची वाचाच गेली आहे त्याचे काय? नैराश्य मोजण्याच्या बहुतेक प्रश्नावल्या भाषेवर उभ्या आहेत, म्हणून कित्येक संशोधनांतून वाचा गेलेल्या रोग्यांना प्रारंभीच वगळण्यात आले; ज्यांना नैराश्याचा धोका सर्वांत अधिक त्यांचाच जबाब घेतला गेला नाही. या अन्यायाची दखल घेऊन ब्रिटनमध्ये रोग्याऐवजी त्याच्या निकटवर्तीयाने भरावयाची प्रश्नावली १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत रोग्याच्या रडण्याविषयी, अस्वस्थतेविषयी आणि माणसांत मिसळण्याविषयी विचारलेले असते. पुढे नॉटिंगहॅम येथील संशोधकांनी अशा रोग्यांवर वर्तनोपचाराची चाचणी करून त्यांची मनःस्थिती सुधारू शकते हे दाखविले. स्वीडिश कवी टुमास ट्रान्स्ट्रोमर यांना १९९० मध्ये झटका आला, बोलणे जवळजवळ संपले, उजवा हात गेला. तरी ते डाव्या हाताने पियानो वाजवीत राहिले, १९९६ मध्ये त्यांचा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला आणि २०११ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा दाखला मी मुद्दाम देतो आणि तितक्याच मुद्दाम बजावतो की, तो कोणाही रोग्यापुढे उपदेश म्हणून ठेवू नये, कारण अशा तेजस्वी उदाहरणांच्या प्रकाशात सामान्य माणसाला आपली धडपड अधिकच क्षुद्र वाटू लागते.

आता आपल्या घरांकडे वळू. परदेशी ग्रंथांत न सापडणारे दुःखाचे काही प्रकार येथे आहेत. ज्याची उजवी बाजू गेली त्याला डाव्या हाताने जेवावे लागते. पंगतीत बसून डावा हात पानाकडे नेण्याची लाज ज्यांना लहानपणापासून लावली गेली, त्यांतील कित्येकजण झटक्यानंतर लग्नामुंजींना जाणेच सोडतात, आणि देवाला फूल वाहतानाही त्यांचा हात अडखळतो. भाकरी थापणे ही जिची ओळख होती ती गृहिणी ओट्यापासून दूर खुर्चीवर बसविली जाते. तिला विश्रांती मिळावी म्हणून हे प्रेमानेच केलेले असते, पण सून परातीवर वाकली की ती मान फिरविते, हे कोणी पाहत नाही. चाळीस वर्षे घराचा जमाखर्च पाहिलेल्या गृहस्थाच्या हातून बँकेची सही जुळत नाही म्हणून अर्ज परत येतो, आणि त्या दिवसापासून व्यवहाराची बोलणी त्याच्यासमोर होईनाशी होतात. विचारले असता यांपैकी कोणीही ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणणार नाही. ‘मन लागत नाही’, ‘जीव रमत नाही’, ‘अंग जड वाटतं’ असेच शब्द ऐकू येतील, आणि चिकित्सकाने त्या शब्दांना लक्षणाचा मान दिला पाहिजे.

सेवा करणारी व्यक्ती ही या चित्रातील दुसरी रोगी होय. ती बहुधा पत्नी, सून किंवा मुलगी असते. कूस बदलणे, अंघोळ घालणे, रात्री उठणे यांत तिची वर्षे जातात, आणि ‘किती मनापासून करते’ या कौतुकापलीकडे तिची विचारपूस होत नाही. तिचे मन खचले की रोग्याचेही सावरत नाही. हा अनुभव चिकित्सकांनाही आहे आणि घरोघरच्या माणसांनाही.

या विषयाची निकड आजच का भासावी? रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या तीन तासांत दिल्यास लाभ होतो हे १९९५ मध्ये सिद्ध झाले, पुढे ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली, आणि नळी घालून गुठळी काढून घेण्याचे तंत्रही आले. म्हणून वाचणाऱ्यांची संख्या वाढत आहे, आणि आपल्या देशात हा झटका पाश्चात्त्यांच्या मानाने कमी वयात येत असल्याने वाचलेल्यांपुढे आयुष्याचा मोठा भाग उरलेला असतो. कायद्याची तजवीजही झाली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने विमा कंपन्यांवर मनोविकारांना शारीरिक रोगांच्याच पायावर संरक्षण देण्याचे बंधन घातले, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचीही गणना आहे. परंतु कायद्याची सनद हाती असली तरी तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ नसतो, वाचोपचार करणारा त्याहून दुर्मीळ, आणि लकव्याच्या औषधासाठी गाडी करून दूरच्या वैदूकडे नेणारे शेजारी मात्र पुष्कळ असतात. या अंतरात साधारण चिकित्सक, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि आशा कार्यकर्ती यांनी विचारलेला एक प्रश्नसुद्धा मोठे काम करून जाईल.

प्रस्तुत संग्रहाने हाच वाचकवर्ग डोळ्यांसमोर ठेवला आहे. यात रोग्यांनी स्वतः सांगितलेली वृत्ते आहेत, त्यांतील काही वाचा परत मिळवीत असताना तुटक वाक्यांत सांगितलेली, आणि ती वाक्ये संपादकांनी दुरुस्त केलेली नाहीत, हा निर्णय मला अत्यंत योग्य वाटतो. चिकित्सकांचे विवेचन त्यांच्या शेजारी आहे, डोक्यावर नाही. काही उणिवाही आहेत: तरुणपणी झटका आलेल्यांच्या दांपत्यजीवनाविषयी येथे फार थोडे आले आहे, आणि शेतमजुरी करणाऱ्या, विश्रांती घेणे ज्यांना परवडतच नाही, अशा कुटुंबांचा आवाज क्षीण आहे, पुढील आवृत्तीत ही भरपाई व्हावी अशी माझी संपादकांना आग्रहाची विनंती आहे. एका बाजूचे दिसत नाही किंवा वाचताना लवकर दमतात अशा वाचकांसाठी अक्षर मोठे आणि परिच्छेद लहान ठेवले आहेत; ज्यांना तेही जमणार नाही त्यांना घरच्यांनी थोडे थोडे वाचून दाखवावे, आणि कंटाळा आला की थांबावे.

अखेरीस जोडलेला प्रश्नांचा तक्ता रोग्याच्या निकटच्या माणसाने भरावयाचा असून, ते पान कापून चिकित्सकाकडे नेण्यासाठीच वेगळे बांधले आहे. त्यातील शेवटचा प्रश्न जगणे नकोसे वाटण्याविषयीचा आहे. झटक्यानंतर आत्मघाताचा धोका वाढतो, आणि त्याविषयी विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही समजूत निराधार आहे, म्हणून तो प्रश्न कोणी गाळू नये. आणि त्याचे उत्तर होकारार्थी आले, किंवा नुसती मान खाली गेली, तर तपासणीच्या पुढील तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी चिकित्सकाला गाठावे, रोग्याला एकटे ठेवू नये, आणि रात्र असेल तर शासनाच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा.